तीव्र आणि चौकस : वेबवरच्या रोजच्या सुखाचा आणि कटकटीचा इतिहास



मागच्या भागात आपण तारेला निरोप दिला. १८५० च्या सुमारास कलकत्त्याहून डायमंड हार्बरच्या बाजूला तार ओढली गेली आणि जुलै २०१३ मध्ये आपल्या देशातली तारसेवा बंद झाली. आज तिच्या नातवाकडे वळू. हा नातू तुमच्या-माझ्या खिशात असतो, दिवसातून पन्नास वेळा सुख देतो आणि साधारण तितक्याच वेळा डोकं फिरवतो. त्याच्या या दोन्ही गुणांचा इतिहास आज पाहायचा आहे.

मी आयुष्यातली तीसेक वर्षं सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये काढली. आमच्या कोअरचं ब्रीद दोनच शब्दांचं आहे : तीव्र चौकस. निरोप वेगानं पोचला पाहिजे आणि भलत्याच्या हाती पडता कामा नये. ऐकायला सोपं आहे, पण या दोन शब्दांचं आपसात कधीच फारसं पटत नाही. वेग वाढवला की पहारा सैल पडतो, पहारा आवळला की निरोप दारातच अडकतो. वेबची सगळी गोष्ट मला या दोन शब्दांच्या भांडणासारखी वाटते. आपल्याला मिळणारं सुख बहुतेक ‘तीव्र’च्या खात्यातलं असतं आणि होणारी कटकट बहुतेक ‘चौकस’च्या. शिवाय घरात एक तिसरा पाहुणाही आहे, तो म्हणजे जाहिरात. त्याच्याकडेही येऊ.

पहिल्याच दिवशी अडखळला

२९ ऑक्टोबर १९६९ ची रात्र. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून एक विद्यार्थी स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेतल्या संगणकाशी जोडणी करत होता. पाठवायचा शब्द होता ‘लॉगिन’. इंग्रजीतलं एल गेलं, ओ गेलं आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जमलं. म्हणजे आपण आज “हँग झालं” म्हणून कपाळाला हात लावतो, ती परंपरा पहिल्या रात्रीपासूनची आहे.

या जाळ्याचं नाव आर्पानेट आणि पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्यानं एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवण्याची सोय केली. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये काहीतरी खूण हवी होती. त्यानं कळफलकावरचं ‘ॲट’चं चिन्ह निवडलं, कारण ते कुणाच्या नावात येत नसे.

सुख आलं की कटकट फार मागे राहत नाही. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातल्या माणसानं आर्पानेटवरच्या चारशेच्या आसपास लोकांना एकाच वेळी आपल्या मालाची जाहिरात धाडली. लोक भडकले. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यानं कंपनीची कानउघाडणी केली. तो अधिकारी हुद्द्यानं मेजर होता, हे सांगताना मला जरा बरं वाटतं. पण गंमत अशी, की या एका मेलमुळे लाखो डॉलरची विक्री झाल्याचा दावा त्या विक्रेत्यानं पुढे केला. स्पॅम का मरत नाही, याचं उत्तर तिथंच आहे. शंभरांना वैताग आला तरी एकानं खरेदी केली की पाठवणाऱ्याचं भागतं.

वेब आणि ‘पान सापडत नाही’

इथं एक फरक लक्षात ठेवा. इंटरनेट म्हणजे रस्ता. वेब म्हणजे त्या रस्त्यावरची घरं, दुकानं आणि त्यांच्यामधल्या पायवाटा. रस्ता आधी झाला, वेब वीसेक वर्षांनी आलं.

स्वित्झर्लंडच्या सीमेवर सर्न नावाची अणुसंशोधनाची मोठी संस्था आहे. तिथं टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसानं मार्च १९८९ मध्ये एक प्रस्ताव मांडला. देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतात-जातात, त्यांची टिपणं वेगवेगळ्या यंत्रांत अडकून पडतात, ती एकमेकांना जोडता यावीत, एवढीच त्याची गरज होती. ऑगस्ट १९९१ पर्यंत हे काम बाहेरच्या जगाला दिसू लागलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं आपलं वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी विनामूल्य खुलं केलं. परवाना नाही, फी नाही. आज आपण ज्याला वेब म्हणतो त्याच्या जन्मात हा कागद सर्वांत मोलाचा आहे असं मी मानतो.

बर्नर्स-लीनं आणखी एक निर्णय घेतला होता. त्याआधीच्या काही व्यवस्थांमध्ये प्रत्येक दुव्याची नोंद एका ठिकाणी ठेवत, म्हणजे कुठलाच दुवा तुटू नये. त्यानं ती नोंदवही ठेवलीच नाही. कुणीही, कुणालाही न विचारता, कुठल्याही पानाकडे बोट दाखवावं. पान हललं, पुसलं गेलं तर बोट हवेत राहील, एवढंच. ‘४०४, पान सापडत नाही’ ही पाटी त्या स्वातंत्र्याची किंमत आहे. नोंदवही ठेवली असती तर दुवे तुटले नसते, पण वेब एका कचेरीच्या आवाराबाहेर गेलंही नसतं. म्हणून ती पाटी दिसली की मी वैतागत नाही. दुसरीकडे शोधतो.

पंधरा ऑगस्ट १९९५

आपल्याकडे विद्यापीठं आणि संशोधन संस्था १९८६ पासून ‘अर्नेट’ या जाळ्यातून जोडल्या जात होत्या. सामान्य माणसाला दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमनं. आधी मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास. मग हळूहळू इतर शहरं. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. हिशेब करून पाहा. आज एखाद्या मध्यम फोटोचे शंभर किलोबाइट धरले, तर तो एक फोटो यायला त्या वेगानं दीड मिनिट लागायचं. अर्थात लाईन मध्येच तुटली नाही तर. वर्षाचे ठरावीक तास आणि त्यासाठी हजारो रुपये. फोनचं बिल वेगळं.

आणि तो आवाज! मोडेमची ती किंचाळी, खरखर, मग शिट्टी. ती उगाच नव्हती. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी बांधलेली, म्हणून संगणकाला आपलं म्हणणं आवाजात बदलून पाठवावं लागे. दोन मोडेम आधी एकमेकांची चाचपणी करत, “तुला किती वेग झेपेल? लाईन किती खराब आहे?” असं विचारत आणि जमेल त्या वेगावर तडजोड करत. रेडिओवर संच जुळवताना आमचे जवान हेच करायचे, म्हणून मला तो आवाज कधी कर्कश वाटला नाही. पण घरातल्यांचा त्रास खरा होता. मोडेम जोडला की फोन अडकला. गावाकडून कुणी फोन करत असेल तर त्याला एंगेज टोन.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना मुभा मिळाली आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. त्या काळात माझी बदली राजस्थानात होती. आई बडोद्याला. वर्षानुवर्षं आमची पत्रं ‘द्वारा ५६ एपीओ’ या पत्त्यावरून जात-येत. भाच्यानं बडोद्यात आईसमोर बसून तिचं बोलणं रोमन अक्षरांत टाइप करून मेल केला, तो मी त्याच संध्याकाळी जोधपूरच्या एका कॅफेत वाचला. प्लायवूडच्या खोक्यात, शेजारी कुणीतरी मोठ्यानं गेम खेळतंय, पंखा बंद. ‘तू जेवतोस ना नीट’ हे वाक्य एका दिवसात पोचलं, याचं जे सुख होतं ते आजच्या व्हिडिओ कॉलमध्येही तेवढं वाटत नाही.

आपली अक्षरं, त्यांचे चौकोन

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वेबनं दिलेलं सर्वांत मोठं सुख म्हणजे मराठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, तंजावर इथं आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण ताजं मराठी वर्तमानपत्र मिळायचं म्हणजे रेल्वे स्टेशनवरचा स्टॉल, आणि तेही एक-दोन दिवस शिळं. १९९६ मध्ये परदेशातल्या मराठी मंडळींनी ‘मायबोली’ सुरू केली, वर्तमानपत्रंही एकेक करून वेबवर आली. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला.

सुरुवातीची कटकट मात्र आठवत असेल. पान उघडलं की मराठीऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हं, नाहीतर इंग्रजी अक्षरांची खिचडी. कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रत्येक फाँट बनवणाऱ्यानं आपापली युक्ती केली होती. इंग्रजी ‘ए’च्या जागी कुणी ‘क’ बसवला, कुणी ‘ा’ बसवला. तो विशिष्ट फाँट तुमच्याकडे असेल तर मराठी दिसे, नसेल तर खिचडी. आमच्या भाषेत, सांकेतिक पुस्तिका दोघांकडे एकच नसेल तर निरोप असूनही नसल्यासारखा. शोधायची सोय तर नाहीच, कारण यंत्राच्या दृष्टीनं ते मराठी नव्हतंच.

पुण्याच्या सी-डॅकनं आणि भारतीय मानकांनी यावर काम केलं, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एक पुस्तिका ठरली ती युनिकोड. जगातल्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक. आपल्या ‘क’चा क्रमांक ०९१५, मग तुम्ही कोल्हापुरात असा की कॅलिफोर्नियात. विंडोज २००० पासून हे घरच्या संगणकावर नीट दिसू लागलं.

तरी आपली काही खास दुखणी उरलीच. ‘दऱ्या’मधला तो पापणीसारखा ‘र’ हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत किती फरक आहे ते लग्नघरातल्या माणसाला विचारा. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणंही फाँटमध्ये बरेचदा हिंदीची येतात. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये निर्णय काढून मराठी वर्णमालेची प्रमाण वळणं ठरवून दिली. मोबाईल बनवणाऱ्यांपैकी सगळ्यांनी अजून ती मनावर घेतलेली नाहीत.

तिसरा पाहुणा

वेब फुकट दिलं खरं, पण चालवायचा खर्च होताच. तो कुणी भरायचा? २७ ऑक्टोबर १९९४ रोजी एका अमेरिकी वेब मासिकावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती लागल्या आणि उत्तर ठरून गेलं. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुणानं ‘कुकी’ बनवली. हेतू साधा होता. वेबला स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलात की दुकानदार तुम्हाला विसरला. मग टोपलीत ठेवलेली वस्तू कुठं राहायची? म्हणून तुमच्याच संगणकात एक छोटी चिठ्ठी ठेवायची, पुढच्या वेळी ती दाखवली की ओळख पटली. पुढे जाहिरातवाल्यांना ध्यानात आलं, की हीच चिठ्ठी दहा दुकानांत दाखवायला लावली तर हा माणूस दिवसभर कुठं कुठं फिरतो ते कळतं. चप्पल पाहिली एकीकडे आणि तीच चप्पल आठवडाभर सगळीकडे मागे लागली, त्याचं मूळ हे.

मध्येच टपकन उघडणारी खिडकी, म्हणजे पॉप-अप, १९९० च्या दशकात ईथन झुकरमन यांनी लिहिली. जाहिरातदाराला आपली जाहिरात नको त्या मजकुराशेजारी दिसायला नको होती, म्हणून ती वेगळ्या खिडकीत टाकली. २०१४ मध्ये त्यांनी लेख लिहून जगाची माफी मागितली. युरोपनं कायदे केले, तेव्हापासून “कुकीज स्वीकारा” ही विचारणा पानोपानी येते. आपल्याकडेही वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला. विचारतात हे चांगलंच आहे. पण ‘स्वीकारा’चं बटण ठळक निळं आणि ‘नको’चं फिकट, कोपऱ्यात. हे विचारणं नव्हे, ही वाट अडवणं आहे.

आणि आपण भारतीयांनीही थोडा हातभार लावलाच. २०१८ च्या सुरुवातीला एका अमेरिकी वर्तमानपत्रानं बातमी दिली होती, की भारतातल्या फोनांची जागा गुड मॉर्निंगच्या चित्रांनी भरून जाते. आमच्या जुन्या बॅचच्या गटात रोज सकाळी सहाला पंधरा सूर्य उगवतात. माझी तक्रार नाही. ज्या दिवशी एखाद्याचा सूर्य उगवत नाही त्या दिवशी आम्ही फोन करून विचारपूस करतो.

थम! कौन आता है?

आता ‘चौकस’कडे. रात्री छावणीच्या दारावरचा संतरी कुणाचाही मुलाहिजा ठेवत नाही. “थम! कौन आता है?” त्या रात्रीचा परवलीचा शब्द सांगितला तरच पुढे. संगणकाच्या जगात हा परवलीचा शब्द १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या एमआयटीत आला. एकच यंत्र, वापरणारे अनेक, प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायच्या होत्या. आणि १९६२ मध्येच तिथल्या एका संशोधकानं सगळ्या पासवर्डांची यादी छापून घेतली. त्याला यंत्रावर ठरवून दिलेला वेळ पुरत नव्हता, इतरांच्या नावावर काम करायचं होतं. म्हणजे कुलूप आणि किल्लीची चोरी यांचं वय जवळपास सारखंच.

२००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं सल्ला दिला, की पासवर्डात मोठं अक्षर, आकडा, खूण असावी आणि तो वरचेवर बदलावा. जगभर तो नियम झाला. लोकांनी काय केलं? शेवटी एक उद्गारचिन्ह लावलं आणि पासवर्ड डायरीत लिहून ठेवला. २०१७ मध्ये त्याच संस्थेनं सल्ला बदलला : लांब, लक्षात राहील असा शब्दसमूह घ्या, कारण नसताना बदलायला लावू नका. छावणीत आम्ही परवलीचा शब्द रोज बदलत असू, पण तो एकच असे आणि सोपा असे. दमलेल्या, भिजलेल्या जवानाला अंधारात तो आठवला पाहिजे, नाहीतर आपलाच माणूस आपल्याच गोळीसमोर.

मग आलं ते “मी यंत्रमानव नाही” हे सिद्ध करणं. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायच्या परीक्षेला २००३ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी ‘कॅप्चा’ नाव दिलं. २००७ मध्ये त्याच्या नव्या रूपानं आपल्याकडून एक कामही करून घेतलं. यंत्राला न वाचता आलेले जुन्या छापील मजकुरातले शब्द आपल्यासमोर ठेवले. आपण दार उघडायला शब्द ओळखत होतो आणि तिकडे जुनी वर्तमानपत्रं संगणकात चढत होती. आता चित्रं येतात : रस्त्याकडेचे आगीचे नळ ओळखा. आमच्या महूत असला नळ मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. हत्ती, हातगाडी, नंदीबैल विचारा, एका फटक्यात सांगतो.

ओटीपीची गोष्ट आपली घरची आहे. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून कार्डानं ऑनलाइन पैसे देताना आणखी एक खात्री सक्तीची केली. त्या काळी जगातल्या कित्येक देशांत नुसता कार्डावरचा नंबर टाकून खरेदी होत असे. ही कटकट आपल्या भल्याची आहे, हे मी कुणालाही ठासून सांगेन.

संतरी आणि आपला माणूस

पण प्रत्येक कटकट नुसती कटकट नसते. पिथमपूरला, महूपासून जवळच, आमच्या युनिटमधल्या एका दिवंगत हवालदाराच्या पत्नी मुलाकडे राहतात. मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. १० नोव्हेंबर २०१४ पासून तो ‘जीवन प्रमाण’नं घरबसल्या देता येतो आणि लाखो लोकांची रांग त्यानं वाचवली आहे. ताई एका कचेरीत गेल्या. यंत्रानं अंगठा घेतला नाही. आयुष्यभर भात लावलेला आणि भांडी घासलेला अंगठा, रेषा राहिल्यात कुठं? मग ओटीपी. तो मुलाच्या मोबाईलवर जाणार आणि मुलगा कारखान्यात पाळीवर, जिथं मोबाईल दारावर जमा करतात. खिडकीतला माणूस म्हणाला, “ऑनलाइनच करावं लागतं, उद्या या.” असे तीन उद्या झाले.

ताई मला म्हणाल्या, “साहेब, मी समोर उभी हाय, तरी मी जित्ती हाय ह्याचा पुरावा मागत्यात.”

मी म्हणालो, “ताई, कागदी दाखल्याची वाट बंद झालेली नाही. उद्या मी येतो बरोबर.” पण आधी २०२१ मध्ये आलेली चेहऱ्याची सोय त्यांच्या घरीच, खिडकीतल्या उजेडात वापरून पाहिली. तिसऱ्या खेपेला त्यांचा चेहरा यंत्राला पटला. सारं काम वीस मिनिटांचं. तीन दिवस गेले ते यंत्रामुळे कमी आणि खुर्चीतून न उठणाऱ्या माणसामुळे जास्त.

संतरीचं काम शत्रूला अडवणं आणि आपल्या माणसाला आत घेणं, हे दोन्ही मिळून आहे. पहिलंच जमत असेल तर तो अर्धा संतरी. उलट बाजूही विसरू नका. आज पोलिसाच्या वेशात व्हिडिओ कॉल करून “तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे” म्हणणारे ठग याच वयस्कर लोकांना गाठतात. डिजिटल अटक असा कुठलाही प्रकार आपल्या कायद्यात नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि ओटीपी मागणारा कुणीही असो, त्याला सांगू नका.

आता नोव्हेंबर येईल. तुमच्या गल्लीत, सोसायटीत, मग ती सुरतेत असो, भोपाळमध्ये की बेळगावात, असे एक-दोन आजी-आजोबा असतील ज्यांचा अंगठा यंत्राला पटत नाही. अर्धा तास काढा, त्यांच्या शेजारी बसा, मोबाईल त्यांच्याच हातात ठेवून दाखला पुरा करून द्या आणि पावतीचा क्रमांक कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

पुढच्या भागात रेल्वेच्या आरक्षण खिडकीपासून ३ ऑगस्ट २००२ ला सुरू झालेल्या ऑनलाइन तिकिटापर्यंतचा प्रवास करू. तोवर, जय हिंद.